पिस्ता रंगाचं राकेट

आमचे हे निवृत्त झाले आणि भविष्यकाळात राहायला गेले. भविष्यकाळही आजच्या पुढचा नाही, सत्तरेक वर्षांपूर्वीचा. त्या काळातल्या परदेशी मासिकांत पुढच्या जगाची चित्रं यायची. काचेच्या घुमटाखाली बसलेली माणसं, माशासारखे पर असलेल्या मोटारी, मागून ज्वाळा, आणि खाली रस्ता नाहीच. शेजारी हातमोजे घातलेली एक हसरी बाई असायची आणि तिच्या स्वयंपाकघरात एक बटण असायचं. ते दाबलं की जेवण तयार. त्या अख्ख्या भविष्यातलं तेवढं बटणच माझ्या कामाचं होतं, आणि नेमकं तेच कुणी बनवलं नाही.

गारखेड्यातला आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. त्यात ह्यांनी अंतराळवीराच्या शिरस्त्राणासारखं दिसणारं केस वाळवायचं यंत्र आणलं. आमच्या घरात वाळवण्याइतके केस आता कुणाला उरलेले नाहीत. राकेटच्या आकाराचा एक जग आणला, तो कप सोडून सगळीकडं चहा ओततो. एक रेडिओ आणला, तो निस्ता घरघरतो. गंमत म्हणजे अगदी तसाच रेडिओ सासऱ्यांचा होता. रंगीत टीव्ही घरात आला त्याच आठवड्यात ह्यांनी तो भंगारवाल्याला देऊन टाकला होता, आणि वर त्याला उचलू लागायला गेले होते. आता त्याचा जुळा भाऊ जत्रेत हरवलेलं लेकरू सापडल्यासारखा छातीशी धरून आणला.

ह्यांच्यासारख्यांचं एक मंडळ होतं. सगळे निवृत्त. ज्या काळासाठी डोळे पुसायचे तो काळ यांच्यातल्या बहुतेकांनी लंगोटात काढलेला. अध्यक्ष एक माजी प्राचार्य. त्यांनी मीठ मागितलं तरी स्नेहसंमेलनाचं भाषण वाटायचं. दर रविवारी ही मंडळी आमच्याकडं जमायची. मंडळात बाई एकच, मी, आणि माझ्याकडं चहाखातं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पण माझं मत विचारायची वेळ आली की अध्यक्ष म्हणायचे, "वहिनी, आलं घाला जरा."

एकदा एका वाचनालयाच्या सभागृहात ह्यांचं व्याख्यान झालं. भविष्यातल्या मोटारींची चित्रं पडद्यावर दाखवत हे दीड तास बोलले. मंडळाचे लोक पहिल्या रांगेत हळहळत होते. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एक माणूस उठला. तो सिल्लोडचा मक्याचा व्यापारी. शहरात कामाला आला होता आणि पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून आत शिरला होता.

"सायब," तो म्हणाला, "असली एक गाडी आमच्याकडं हाय की. राकेट म्हणतेत तिला."

सभागृहात जी शांतता पसरली, तशी मी पुढं फक्त एकदाच ऐकली. ती कधी, ते येईलच.

त्यानं सांगितलेली हकीकत अशी. त्याच्या वडलांच्या तरुणपणी सिल्लोडला सरकी काढायच्या कारखान्याचा एक मालक होता. त्याच्या पोरानं कुठल्याशा मासिकात असलं चित्र पाहिलं आणि हट्ट धरला, माझी वरात असल्या गाडीतून निघाली पाहिजे. कारखान्याच्या फिटरनं जुन्या तीनचाकी टेम्पोचा सांगाडा घेतला, त्यावर पत्रे ठोकून माशासारखे पर काढले. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईनंतर भंगारात निघालेल्या विमानाचा घुमट मुंबईच्या चोरबाजारातून आला. वरात निघाली. नवरानवरी घुमटाखाली, भर वैशाखात. अर्ध्या वाटेत इंजिन बसलं. नवरीला घेरी आली, नवरदेवाचा फेटा सुटला, आणि शेवटी गाडीला बैल जुंपले. दुसऱ्या दिवशी राकेट कारखान्याच्या मागं ढकलून दिलं. पुढं कारखाना विकला गेला तेव्हा शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या एका घरानं ते ओढून नेलं.

ही हकीकत मंडळातल्या सगळ्यांनी नीट ऐकली. तिच्यातून काही शिकावं असं एकालाही वाटलं नाही. ह्यांचे डोळे तर पाण्यानं भरले होते.

लगेचच आम्ही निघालो. हे, मी आणि अध्यक्ष. ह्यांनी हॅट घातली होती. सिल्लोडला चौकशी करत, व्यापाऱ्यानं सांगितलेल्या वाटेनं सोयगावच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एका वस्तीवर पोचलो. लिंबाखाली एक बाई शेळीला पाला घालत होती. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी असेल. आमची गाडी थांबलेली पाहून तिनं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला. राकेटात पिल्लं हायत."

तिच्या मागं ते उभं होतं. रंग कधीचाच गेलेला, चाकं मातीत रुतलेली. एका परावर लुगडं वाळत होतं, दुसऱ्याला विळा अडकवलेला. घुमटावर गोणपाट. तिनं ते जरा बाजूला केलं तर आत शेळीची पिल्लं, एकमेकांवर पडून झोपलेली. एक जागं होतं, ते पुढचे पाय स्टिअरिंगवर टाकून आमच्याकडं बघत होतं. चालक म्हणून मला ते ह्यांच्यापेक्षा भरवशाचं वाटलं.

हे पुढं झाले, हॅट काढली. "आजी, तुम्हाला माहीत आहे का हे काय आहे?"

"आजी कोनाला म्हनता? सोताचे केस बघा."

"बरं, ताई. ताई, हे भविष्य आहे!"

"कोनाचं?"

हे गडबडले. "म्हणजे, सगळ्यांचंच. त्या काळात लोकांना वाटायचं की पुढं..."

"आमाला तर एवढंच ठावं, ह्यात बिबट्या शिरत नाय," ती म्हणाली. "डोंगरातून येतो. पिल्लांभवतीची दोरीची वाघुर तोडून नेतो पिल्लं. ह्यात नाय शिरत. लई डाव नखं मारून गेला, बघा." आणि तिनं पत्र्यावरचे ओरखडे दाखवले.

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि सांस्कृतिक ठेव्याच्या जतनाविषयी बोलायला सुरुवात केली. बाईनं दोन वाक्यं ऐकली आणि शेळीकडं वळली. तिचा मुलगा तेवढ्यात मोटारसायकलवरून आला. तो वाळूजला कारखान्यात कामाला होता आणि सुटीला घरी आलेला. त्याला पाहुण्यांचं म्हणणं लगेच कळलं.

"आई, देऊन टाक. हे लोक जाळीचा पक्का गोठा बांधून देतील. काय सायेब, द्याल ना?"

"देतो!" हे म्हणाले. विचार न करता 'देतो' म्हणायची ह्यांची ही आयुष्यातली दुसरी वेळ. पहिली वेळ हुंड्याला नको म्हणताना माझ्या वडलांना 'सोडून देतो' म्हणाले, ती.

बाई मात्र पक्की होती. "आदी गोठा. त्यात माझी पिल्लं एक पावसाळा सुखानं निजू द्या. मंग न्या तुमचं भविष्य."

आणि खरंच तसं झालं. हे तिथं जाऊन-येऊन राहिले. आयुष्यभर सरकारी नोकरीत ह्यांनी पुष्कळ बांधकामांवर सह्या केल्या, पण एखादं बांधकाम पुरं होईस्तोवर उन्हात उभं राहिलेलं मी ह्यांना प्रथमच पाहिलं. बाई त्यांच्या मागं उभी असायची. "जाळी खालून वीतभर गाडा. उकरून येतो त्यो." हे जाळी गाडायचे. "दार आत नाय, भाईर उघडू द्या." हे बिजागऱ्या फिरवायचे. गोठा झाला, पावसाळा गेला, पिल्लू एकही कमी झालं नाही. बाईनं शब्द पाळला.

राकेट ट्रकवर चढवून भर दुपारी गारखेड्यात आलं. ट्रकवाला उतरून कपाळावर हात मारून म्हणाला, "अंकल, कार है के जहाज है ये? कायकू उठा लाए?" सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले, नाकाला रुमाल लावून. कारण भविष्याला शेळ्यांच्या लेंड्यांचा वास येत होता. ह्यांनी आपल्या पार्किंगमध्ये ते ठेवून घेतलं आणि आमची स्कूटर फाटकाबाहेर गेली.

मग मंडळाचं जतनकार्य सुरू झालं. प्रथम सगळ्यांनी मिळून बिबट्याचे ओरखडे घासून काढले. त्या वस्तूवर खरं घडलेलं असं तेवढंच काही उरलं होतं. रंगावर महिनाभर वाद. मूळ रंग कुणालाच ठाऊक नव्हता, तरी प्रत्येकाला मूळ रंगच हवा होता. शेवटी ह्यांच्या आवडत्या चित्रातली गाडी पिस्ता रंगाची होती म्हणून हिला पिस्ता रंग. इंजिनाच्या जागी ई-रिक्षाची मोटर बसवली. जुन्या घुमटाच्या कडेनं पाणी आत जाईल म्हणून भोवती नवं जाड रबर बसवलं. पाणी आत जायचं बंद झालं. हवासुद्धा बंद झाली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग फलक. फलकावर शहराचं नाव गाडीच्या काळातलं घालायचं की आजचं, यात एक संध्याकाळ गेली. अध्यक्षांनी मजकूर लिहून आणला. त्यात वरात नव्हती, बैल नव्हते, घेरी आलेली नवरी नव्हती. 'मराठवाड्यातील पहिली उडती मोटार' असं होतं.

मी ट्रे खाली ठेवला. "उडती? ती चालतसुद्धा नव्हती."

"वहिनी," अध्यक्ष म्हणाले, "विमानाचा घुमट आहे की नाही? मग उड्डाणाचा संबंध आलाच."

"मग तुमच्या डोक्यावर फेटा बांधला म्हणजे तुम्ही सरदार?"

ह्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी आत गेले. दोन दिवसांनी एका स्थानिक वृत्तपत्रात पिस्ता राकेटचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, ही मोटार एकेकाळी सिल्लोडच्या आकाशात पाहिल्याचं जुनेजाणते सांगतात. जुनेजाणते म्हणजे अध्यक्ष. त्यांचा जन्म परभणीचा.

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. शहरात जुन्या गाड्यांची फेरी निघायची होती, क्रांती चौकातून पैठण गेटकडं. राकेट सगळ्यांत पुढं. उद्घाटनाला एक पुढारी येणार होते. ते सकाळी येणार होते, म्हणून दुपारी आले. गळ्यात हार, हातात माइक. त्यांनी उडत्या मोटारीवर भाषण केलं, आपल्या भागात पूर्वी किती प्रगती होती आणि मधल्या लोकांनी ती कशी बुडवली ते सांगितलं, आणि मग मोटारीत बसायची इच्छा दाखवली. ह्यांनी आनंदानं शेजारी जागा केली. घुमट खाली आला. अध्यक्षांनी वरून दाबून पक्का बसवला आणि फोटोसाठी हात तसाच ठेवला.

गाडी निघाली, ढोल वाजले, आणि चौकाच्या मध्यावर येऊन ती थांबली.

पहिल्यांदा लोकांना वाटलं फोटोसाठी थांबली. पुढाऱ्यांनाही तसंच वाटलं. त्यांनी हात हलवला, मग जमाव बघून सवयीनं बोलायला लागले. आतून. ढोलवाले थांबले. सगळा चौक त्यांच्याकडं बघत होता आणि पुढारी घुमटाखाली हातवारे करत, बोट उंचावत, छातीवर हात ठेवत बोलत होते, आणि एक अक्षर बाहेर येत नव्हतं. वाचनालयानंतरची दुसरी शांतता ती हीच. माझ्या शेजारचा एक रिक्षावाला हळूच म्हणाला, "या अल्ला, कितना सुकून है."

मीही हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. मग काचेवर आतून वाफ धरायला लागली, आणि त्या वाफेत मला ह्यांचा तळहात दिसला. काचेला टेकवलेला. दोन-तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत स्टेंट टाकलाय. हसू कुठल्या कुठं गेलं. मी पुढं धावले.

"उघडा! उघडा ते!"

अध्यक्षांनी उचलून पाहिलं. दोघा-तिघांनी उचललं. नवं रबर उन्हानं मऊ होऊन चिकटून बसलं होतं. "जपून, जपून," अध्यक्ष ओरडत होते, "अस्सल घुमट आहे, असा पुन्हा मिळायचा नाही!"

"नवराही पुन्हा मिळायचा नाही!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी वर्गातसुद्धा कधी ओरडले नव्हते.

आत पुढाऱ्यांचं भाषण थांबलं होतं. ते टाय सोडल्यासारखे गळ्यातले हार ओढत होते. आणि आमचे हे काय करत होते? व्याख्यानाची कार्डं खिशातून काढून त्या माणसाला वारा घालत होते. स्वतःचा चेहरा लालबुंद, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि हे पाहुण्याला वारा घालतायत. मला त्या क्षणी इतका राग आला आणि इतकं भरून आलं, की दोन्हींत काय जास्त होतं ते अजून ठरवता आलेलं नाही.

मी पुढाऱ्यांच्या अंगरक्षकाचा दंड धरला. "बघता काय? फोडा!"

त्यानं अध्यक्षांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग शेजारच्या जीपमधून चाकाचा पाना काढला आणि मागच्या बाजूनं, डोकी नव्हती तिथं, तीन-चार घाव घातले. लढाई पाहून आलेला तो घुमट कडकड करत फुटला.

पुढारी बाहेर आले. पाणी प्यायले, केस सारखे केले आणि पुन्हा माइक हातात घेतला. "मित्रांनो, मी आत्ता भविष्यात बसून आलो, आणि तुम्हाला शब्द देतो, भविष्य उज्ज्वल आहे!" टाळ्या पडल्या. त्यांची गाडी एसी चालू करून उभीच होती.

ह्यांना मी फुटपाथवर रसवंतीच्या सावलीत बसवलं. मीठ-लिंबाचं पाणी पाजलं. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी येऊन नाडी बघितली, ठीक आहे म्हणाले. पोरं घुमटाचे तुकडे आठवण म्हणून वेचून नेत होती. हे त्यांच्याकडं बघत होते.

"घुमट गेला," हे म्हणाले.

"जाऊ दे. तुम्ही गेला असतात तर तो रेडिओ, तो जग आणि ते शिरस्त्राण मला एकटीला कुठं कुठं विकत फिरावं लागलं असतं."

हे हसले नाहीत. पण माझा हात धरून घरापर्यंत आले. भर रस्त्यात हात धरायची आमच्या पिढीला सवय नाही.

पुढं काय व्हायचं ते झालं. घुमटाखाली मूकपणे बोलणाऱ्या पुढाऱ्यांचा व्हिडिओ मोबाइलवर महाराष्ट्रभर फिरला. लोकांनी त्यांच्या ओठांवर हवी ती गाणी बसवली. एकानं गाढवाचं ओरडणंही बसवलं, ते सगळ्यांत छान जुळलं. मंडळ फुटलं. अध्यक्षांच्या मते ऐतिहासिक ठेव्याचा नाश माझ्या आरडाओरड्यामुळं झाला. त्यांनी नवं मंडळ काढलं. त्यात बायकांना सभासदत्व नाही, असं ऐकते. चहा कोण करतं कुणास ठाऊक.

हे मात्र कोमेजले. सकाळी खाली जाऊन पार्किंगमधल्या त्या उघड्या राकेटात बसायचे, तासभर, काही न करता. मी वरून बघायची. बोलावलं तर यायचे, नाही बोलावलं तर तिथंच.

अशाच एका सकाळी गोठ्याची ती बाई मुलाबरोबर दारात उभी. डोळे तपासायला शहरात आली होती, मुलानं पत्ता काढला. तिनं खाली राकेट पाहिलं, भोवती एक फेरी मारली.

"रंग कोनी दिला?"

"मी," हे म्हणाले.

"शेळी वकल्यावानी दिसतंय."

आणि ती हसायला लागली. पदर तोंडाशी धरून, भिंतीला टेकून. मुलगा हसला, मी हसले. हे सुरुवातीला ओशाळले, मग खूप दिवसांनी त्यांचं पोट हललं.

स्वयंपाकघरात बसून तिनं चहा घेतला. ह्यांनी त्या राकेटछाप जगातूनच ओतला, अर्धा तिच्या बशीत आणि अर्धा ओट्यावर. तिनं स्वतःच फडकं घेऊन पुसलं. मग कामाचं बोलली. खालच्या वस्तीवर बिबट्यानं पुन्हा दोन पिल्लं नेली होती. तिचा गोठा बघून गेलेल्या चार घरांना तसाच हवा होता. जाळी ते आणतील, अंगमेहनत ते करतील. माप आणि दाराची तऱ्हा कुणीतरी दाखवायला पाहिजे.

"मी इंजिनिअर आहे, सुतार नाही," हे म्हणाले.

"तवा पन तुमीच केलं नव्हं? का त्यो दुसरा कोनी हॅटवाला व्हता?"

आता हे महिन्यातून दोनदा तिकडं जातात. एसटीनं, डबा घेऊन. परत येतात तेव्हा कपड्यांना तो शेळ्यांचा वास असतो आणि हातांना ओरखडे. राकेट ताडपत्रीखाली आहे. सेक्रेटरींच्या नोटिसा येतात, मी त्यावर भाजी निवडते. परदेशी मासिकांची चित्रं हे अजून बघतात, पण आता मध्येच उठून फोनवर बोलावं लागतं.

काल संध्याकाळी असाच फोन आला. तिचा आवाज इतका खणखणीत की मला ओट्यापाशी ऐकू येत होता. "कडी भाईरून बसवली व्हती का आतून? तिकडच्यांनी आतून बसवलीया. मंग पिल्लांनी लावून घ्यायची का?" हे गॅलरीत उभे राहून, एका हातानं हवेत दाराचं माप दाखवत, ऐकत होते.

"हो ताई," म्हणत होते, "हो, चुकलं त्यांचं. उद्या येतो. हो. पाना घेऊन येतो."